घर नावावर झालं, पण मोटर कोणाची? सोशल हाऊसिंग सोप्या भाषेत

म्हाडाच्या नाशिक मंडळाची सोडत निघाली की दोन-चार दिवस सगळ्यांच्या व्हॉट्सअॅपवर तोच विषय असतो, कोणाचा नंबर लागला, पाथर्डी शिवारातलं घर की म्हसरूळचं, डिपॉझिट परत कधी येतं. बातम्याही तिथेच थांबतात. चावी हातात घेतलेल्या कुटुंबाचा फोटो छापून येतो, त्या कुटुंबाचं पाच वर्षांनी काय झालं हे कुठे वाचायला मिळत नाही.

मला हा विषय आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींमुळे कळायला लागला. त्या आधी नासर्डी नदीच्या काठच्या झोपडपट्टीत राहायच्या, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं, मग त्यांना शहराच्या कडेला घरकुलात तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. पेढे घेऊन आल्या होत्या. मागच्या उन्हाळ्यात एक दिवस त्या नेहमीपेक्षा दोन तास उशिरा आल्या, पदर खांद्यापासून कमरेपर्यंत ओला आणि उजव्या तळहातावर कळशीच्या काठाचा लाल वळ उमटलेला. बिल्डिंगची पाण्याची मोटर जळली होती आणि सगळ्या बायका खालच्या टाकीतून पाणी वर नेत होत्या. पिठात हात घालता घालता म्हणाल्या, "ताई, घर आमच्या नावावर झालं, मग मोटर कोणाच्या नावावर आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या ज्या ऑफिसात गेल्या तिथे त्यांना सांगितलं की आता ते सोसायटीने बघायचं, आणि सोसायटी तर कधी झालीच नव्हती. मग मी वाचायला लागले, लोकांना विचारायला लागले. जे समजलं ते इथे लिहितेय.

सोशल हाऊसिंग म्हणजे नक्की काय

ज्यांना बाजारभावाने घर विकत घेणं किंवा भाड्याने राहणं झेपत नाही त्यांच्यासाठी सरकारने, पालिकेने किंवा नफा न कमावणाऱ्या संस्थेने दिलेलं घर, ते सोशल हाऊसिंग. आपल्याकडे म्हाडा आहे, १९७६ च्या कायद्याने आलेली आणि १९७७ पासून काम करणारी. सिडको आहे, महापालिकेची घरकुलं आहेत, २०१५ पासून प्रधानमंत्री आवास योजना आहे, तिच्यात शहरात वर्षाला ३ लाखांपर्यंत कमावणारं कुटुंब अत्यल्प उत्पन्न गटात धरतात. शिवाय नाशिकसारख्या १० लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर बिल्डरने स्कीम केली तर २० टक्के घरं किंवा तेवढी जागा अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी सोडावी लागते आणि ती घरं म्हाडाच्या सोडतीत येतात.

आता इंग्लंड बघा. तिथे साधारण १७ टक्के कुटुंबं सोशल हाऊसिंगमध्ये राहतात, पण बहुतेक भाड्याने. घराचा मालक म्हणजे तिथली नगरपालिका किंवा हाऊसिंग असोसिएशन, म्हणजे घरं बांधून कमी भाड्याने देणारी, नफा वाटून न घेणारी संस्था. माणूस तिथे तीस वर्षं राहिला तर संस्थेचा आणि त्याचा तीस वर्षं संबंध राहतो. नळ गळला, भिंतीला ओल आली, म्हातारपणी जिना चढवेना, सगळं त्याच संस्थेला सांगायचं.

आपल्याकडे आपण घर मालकीचं करून देतो. ही चांगली गोष्ट आहे, बाईच्या नावावर घर झालं की तिला कोणी हाकलून देऊ शकत नाही, याची किंमत मला कमी करायची नाही. पण नावावर करून दिलं की देणाऱ्याचा संबंध संपतो. द्राक्षाची काडी लावून कोणी शेतकरी तीन वर्षांनी घडच तोडायला येत नाही ना, मांडव उभारावा लागतो, एप्रिलची छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, पाऊस पडला की रात्री फवारणी. आपली घरकुलं म्हणजे मांडव नसलेल्या वेली झाल्यात.

भाडं थकलं म्हणजे अंगात ताप आला

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा थांबून सांगते. कोणत्या घरात अडचण आलीय हे संस्थेला कळतं कसं? चांगल्या हाऊसिंग असोसिएशनमध्ये पहिली खूण असते थकलेलं भाडं. ताप हा जसा स्वतः आजार नसतो, आत काहीतरी बिघडलंय एवढं सांगतो, तसंच. दहा वर्षं वेळेवर भाडं देणाऱ्या बाईने एका महिन्यात दिलं नाही तर नुसती नोटीस न चिकटवता त्या भागाचा हाऊसिंग ऑफिसर फोन करतो, घरी जातो. मग कळतं की नवरा गेला, किंवा सरकारी भत्त्याचा फॉर्म चुकला, किंवा नोकरी सुटली, किंवा घरात मारहाण चालू आहे. फॉर्म चुकला असेल तर संस्थेचा पैशाचा सल्ला देणारा माणूस तो परत भरून देतो, थकबाकीचे छोटे हप्ते करून देतो, आणि मारहाण असेल तर कुलूप बदलणं, गरज पडली तर दुसऱ्या भागात घर देणं इथपर्यंत मदत होते.

याला तिकडे भाडेकरू टिकवणं म्हणतात, आणि यात दया आहेच पण हिशोबही आहे. एक कुटुंब घराबाहेर काढायचं म्हणजे कोर्टाचा खर्च, रिकाम्या घराचं बुडालेलं भाडं, नवीन माणसासाठी रंगरंगोटी, आणि बाहेर काढलेल्या त्या कुटुंबाची सोय शेवटी नगरपालिकेलाच करावी लागते. त्यापेक्षा एक फोन स्वस्त पडतो.

या पद्धतीची मुळं जुनी आहेत. १८६५ मध्ये लंडनच्या मॅरिलबोन भागात ऑक्टाव्हिया हिल नावाच्या बाईंनी मोडकळीला आलेली काही घरं चालवायला घेतली. भाडं गोळा करायला त्यांनी बायका नेमल्या आणि त्या बायका दर आठवड्याला दारात जायच्या. भाड्याच्या निमित्ताने जिना तुटलाय का, पोरं आजारी आहेत का, कामधंदा आहे का हे सगळं दिसायचं. हिलबाई कडक होत्या, भाडं बुडवणाऱ्याला घर सोडायला लावायच्या, त्यांचं सगळंच आज आपल्याला पटणार नाही. पण कोणीतरी दर आठवड्याला दारात येतं ही गोष्ट किती मोठी आहे ते आपल्या गावाकडच्या आशाताईंकडे, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविकांकडे बघून कळेल, घरात गरोदर बाई आहे हे त्यांना घरच्यांइतकंच लवकर माहीत असतं.

म्हाताऱ्या माणसांसाठी तिकडे वेगळी सोय असते, लहान घरांची एक इमारत, सामायिक बैठकीची खोली, मदतीला एक माणूस, आणि बाथरूममध्ये लोंबणारी दोरी, पडलात तर ती ओढायची की मदतीला फोन जातो. बाकी घरांत गरज पडेल तसं कठड्याचा दांडा, रॅम्प, पाय न उचलता जाता येईल असं न्हाणीघर करून देतात. छोट्या गोष्टी आहेत, पण मांडीचं हाड मोडून सहा महिने अंथरुणाला खिळण्यापेक्षा भिंतीतला एक दांडा कितीतरी बरा.

तिकडे सगळं सुरळीत आहे का? नाही

जून २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली, ७२ माणसं गेली. ती पालिकेच्या मालकीची सोशल हाऊसिंगची इमारत होती आणि रहिवासी आगीच्या धोक्याबद्दल आधीपासून तक्रारी करत होते. डिसेंबर २०२० मध्ये इंग्लंडमधल्याच रॉचडेलला अवाब नावाचा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे गेला, त्याच्या वडिलांनी ओल आणि बुरशीची तक्रार आधीच केलेली होती. दोन्हीकडे घर होतं, संस्था होती, ऑफिसर होते, आणि तरी ऐकणारं कोणी नव्हतं.

त्यानंतर २०२३ मध्ये सोशल हाऊसिंगचा नवा कायदा आला आणि त्यातून अवाबचा कायदा म्हणून ओळखले जाणारे नियम निघाले, ते ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाले. जिवाला तातडीचा धोका असेल तर घरमालक संस्थेने २४ तासांत हालचाल करायची, ओल-बुरशीची गंभीर तक्रार असेल तर १० कामाच्या दिवसांत तपासणी करायची. म्हणजे तक्रारीला आता घड्याळ लागलं. आपल्या घरकुलात मोटर जळली तर किती तासांत कोणी यायचं हे कुठे लिहिलंय? घड्याळ लांबची गोष्ट, कोणी यायचं हेच लिहिलेलं नाही.

शेजार कसा बांधतात

चार भिंती दिल्या की वस्ती होत नाही हे व्हिएन्नाला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. तिथे आजही निम्म्याहून जास्त लोक पालिकेच्या किंवा सरकारी मदतीने बांधलेल्या घरांत राहतात. १९३० मध्ये उघडलेल्या कार्ल-मार्क्स-होफ या वसाहतीत १,३८२ घरं होती आणि त्यांच्यासोबतच कपडे धुण्याची जागा, न्हाणीघरं, बालवाडी, वाचनालय बांधलेलं होतं. आज तिथल्या पालिकेच्या वसाहतींत शेजाऱ्यांची भांडणं सोडवायला प्रशिक्षण घेतलेली पगारी माणसं असतात. गाडी कुठे लावायची, पोरं दुपारी का ओरडतात, असलीच भांडणं, पण वेळेत मिटली नाहीत तर जिना विद्रूप होतो आणि वर्गणी थांबते.

सिंगापूरमध्ये १९६० पासून हाऊसिंग बोर्ड आहे आणि दहातली जवळपास आठ माणसं त्यांच्या इमारतींत राहतात. तिथे बऱ्याच इमारतींचा तळमजला मोकळाच ठेवलेला असतो, लग्न, मयताचे विधी, म्हाताऱ्यांचे पत्ते, सगळं तिथे. आईवडिलांच्या जवळ घर घेतलं तर सरकार जास्तीचं अनुदान देतं, कारण मुलगी दोन गल्ल्या सोडून असेल तर म्हातारीला बघायला वेगळा माणूस नेमावा लागत नाही.

नाशिकचं काय

आपण अगदीच मागे होतो असं नाही. अंबड आणि सातपूरच्या कामगारांसाठी सिडकोने नाशिकला सहा योजनांत मिळून सुमारे २५ हजार घरं बांधली. छोटी छोटी घरं, पण कारखान्यापासून सायकलच्या अंतरावर, आणि शाळा, बाजार, मैदानाची जागा आधीच आखलेली. लोकांनी पुढे पोटमाळा काढला, वर मजला चढवला, खाली दुकान टाकलं, यातलं बरंचसं नियमात बसत नव्हतं आणि त्याचे त्रास आहेतच. पण आज त्या अख्ख्या भागालाच लोक सिडको म्हणतात. तिथे कामही जवळ होतं म्हणून लोक टिकले.

मग डिसेंबर २००५ मध्ये केंद्राची जेएनएनयूआरएम, म्हणजे शहरं सुधारण्याची जवाहरलाल नेहरूंच्या नावाची योजना आली आणि त्यात नाशिकचा नंबर लागला, चुंचाळे, वडाळा अशा ठिकाणी घरकुलं झाली. या योजनेचा कागद वाचला तर डोळ्यात पाणी येईल इतका चांगला आहे. गरिबांसाठी सात गोष्टी एकत्र द्यायच्या असं त्यात होतं, जागेचा हक्क, परवडणारं घर, पाणी, स्वच्छता, शिक्षण, आरोग्य आणि सामाजिक सुरक्षा. म्हणजे वर इंग्लंडचं जे सांगितलं ते आपल्याच कागदावर होतं. घर हा सातातला एक मुद्दा होता, पण बांधकामाचं टेंडर निघतं, रेशनकार्डावरचा पत्ता बदलून द्यायला कोणी टेंडर काढत नाही.

मावशींचंच सांगते. पत्ता बदलला म्हणून रेशनचं दुकान बदलायला पाच महिने गेले. विधवा म्हणून मिळणारे संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये मध्ये बंद झाले, बँकेचं काहीतरी लिंक राहिलं होतं. नातू जुन्याच शाळेत राहिला कारण वर्षाच्या मध्ये नाव काढायचं नव्हतं, म्हणजे रोज एक बस इकडे एक तिकडे. आणि पूर्वी शेजारी असलेली त्यांची जाऊ, जी पोराला सांभाळायची, तिला सोडतीत दुसऱ्याच बिल्डिंगमध्ये, दुसऱ्याच टोकाला घर निघालं. यातली एकेक अडचण अर्ध्या तासाच्या कामाची आहे, माहिती असलेला एक माणूस त्या वसाहतीत आठवड्यातून एक दिवस टेबल टाकून बसला असता तरी सुटली असती.

पण फुकट दिलं की लोकांना किंमत राहत नाही ना?

हे वाक्य मी माझ्याच नातेवाइकांकडून शंभरदा ऐकलंय. पहिली गोष्ट, ती घरं फुकट नव्हती, जेएनएनयूआरएमच्या घरकुलात लाभार्थ्याने किमान १२ टक्के, आणि मागास व दुर्बल घटकांनी १० टक्के वाटा भरायचा नियम होता. धुणीभांडी करणाऱ्या बाईसाठी ती रक्कम म्हणजे बचत गटाचं कर्ज आणि गहाण ठेवलेली पोत. दुसरी गोष्ट, जिन्यात घाण असते म्हणून किंमत नाही असं म्हणतो तेव्हा आपल्या स्वतःच्या सोसायटीत जिना कोण झाडतं ते आठवावं. आपण महिन्याला दीड-दोन हजार मेंटेनन्स भरतो म्हणून एक माणूस येऊन झाडतो. तिथे मेंटेनन्सच ठरलेला नाही, सामायिक वीजमीटरचं बिल थकलं की जिन्यातला दिवा जातो, दिवा गेला की संध्याकाळनंतर बायका-मुली खाली उतरायला घाबरतात. हे सगळं एका न भरलेल्या बिलापासून सुरू होतं.

अमेरिकेत सेंट लुईसला प्रुइट-आयगो नावाची ३३ इमारतींची मोठी वसाहत होती, १९५४ मध्ये लोक राहायला आले आणि १९७२ मध्ये ती पाडायला सुरुवात करावी लागली. तिथेही लोकांनी तेच म्हटलं, यांना राहायची अक्कल नाही. प्रत्यक्षात दुरुस्तीचा खर्च भाडेकरूंच्या भाड्यातूनच भागवायचा होता, घरं रिकामी व्हायला लागली तसं भाडं घटलं, दुरुस्ती थांबली, आणि दुरुस्ती थांबली म्हणून आणखी घरं रिकामी झाली.

घरं विकून परत झोपडपट्टीत जातात, त्याचं काय?

जातात, हे खरं आहे, आणि काही जण मुळात गरज नसताना घर लाटणारे असतात, ते पकडलेच पाहिजेत. पण सरसकट सगळ्यांना त्यात धरू नका. ज्या बाईची तीन घरांची कामं गंगापूर रोडला आहेत आणि घरकुल शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिचे रोजचे दोन-अडीच तास आणि बसचे पैसे जातात, तिसरं काम सुटतं. हे घर भाड्याने देऊन कामाजवळ खोली घेणं हा तिच्या दृष्टीने सरळ हिशोब आहे. म्हणजे इथे चूक जागा निवडताना झालेली असते. शिवाय सगळ्यांना मालकीचंच घर हवं असतं असंही नाही, परगावहून अंबडला कामाला आलेल्या पोराला पाच वर्षं स्वच्छ, स्वस्त भाड्याची खोली पुरते. आवास योजनेच्या २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचा वेगळा भाग आहे, माझ्या मते नाशिकसारख्या कारखान्यांच्या शहराने आधी तिकडे बघायला हवं.

पैसा कुठून आणायचा

इमारत बांधायच्या खर्चापुढे हा खर्च फार नाही. एका वसाहतीला एक पगारी माणूस, आणि पहिली काही वर्षं देखभालीचा निम्मा भार देणाऱ्याने उचलायचा, तोपर्यंत सोसायटी रजिस्टर करून, खातं उघडून, हिशोब लिहायला शिकवून द्यायचं. काही गोष्टींना तर पैसाही लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात घरवाटपात ५ टक्के आरक्षण आहे, आवास योजनेच्या सूचनांत म्हाताऱ्यांना आणि दिव्यांगांना शक्यतो तळमजला किंवा खालचे मजले द्या असं लिहिलंय, ते फक्त पाळायचं आहे. सोडत काढताना एका गल्लीतली आठ-दहा घरं एकाच जिन्याला येतील अशी गटाने काढायची, म्हणजे जुना शेजार सोबत जातो. आता सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं चालू आहेत, रस्ते-घाटांसोबत पुनर्वसन हा शब्दही पेपरात सारखा येतोय, तर हे आत्ताच ठरवलं पाहिजे.

ज्यांचा सोडतीत नंबर लागलाय त्यांनीही घराच्या चौरस फुटांसोबत तीन प्रश्न विचारून घ्या, सोसायटी कोण आणि कधी करून देणार, पंप आणि लिफ्ट कोणाच्या ताब्यात, आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी दरवर्षी बाजूला टाकायचा पैसा, तो सुरू झालाय का.

मावशींच्या बिल्डिंगमध्ये मोटर शेवटी बायकांनीच केली. घरटी तीनशे रुपये, एका शाळेच्या वहीत नावं आणि पुढे सही किंवा अंगठा. ती वही मावशींकडे असते, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. आता त्यांना सोसायटी रजिस्टर करायची आहे म्हणून उपनिबंधक कार्यालयाचा अर्ज आम्ही दोघींनी ओट्याशी उभं राहून भरला, त्या सांगत होत्या आणि मी लिहीत होते. तीन घरांच्या सह्या राहिल्यात. तिथे भाडेकरू राहतात आणि मूळ मालकांचे फोन लागत नाहीत, त्यामुळे येत्या रविवारी मावशी आणि त्यांची जाऊ त्यांना शोधायला नासर्डीच्या काठी जाणार आहेत.